अंड्याचा रंग आणि कोंबडीची पारख
(हरमल येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्य झाले, गोवा मुक्तिसंग्राम झाला, राज्यघटना झाली. आज मी कोंबडीच्या अंड्यावर बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण या सभागृहात बसलेल्या निम्म्या घरांच्या परसात आज कोंबड्या आहेत, आणि उरलेल्या निम्म्या घरांत आठवड्यातून दोनदा तरी अंडी विकत येतात. म्हणजे आपण सगळे एक तर विकणारे आहोत, नाही तर घेणारे.

घेताना आपण काय पाहतो? रंग. तपकिरी दिसले की गावठी, पांढरे दिसले की पोल्ट्रीचे. तपकिरी दिसले की कसदार, पांढरे दिसले की फुळकवणी. एका रंगावर आपण चार प्रश्नांची उत्तरे उरकून टाकतो: अंडे कुठले, कोंबडी कशी, ती किती अंडी घालते, आणि खाणाऱ्याला किती पोषण मिळते. रंगाला यातले खरोखर किती सांगता येते, हे आज आपण पाहू. माझ्या दृष्टीने हा पैशाचा प्रश्न आहे, आणि तो पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातातला असतो. म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

अंड्याला रंग असतोच कशाला? त्यासाठी लांब जायला नको. इथून मोरजीच्या किनाऱ्यावर चला. दर वर्षी थंडीत ऑलिव्ह रिडले कासवी तिथे वर येते, वाळूत खड्डा करते, अंडी घालते आणि वाळूने झाकून समुद्रात परत जाते. ती अंडी पांढरीशुभ्र. खंड्या पक्षी ओहोळाच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. तीही पांढरी. आता आपल्या मळ्यातली टिटवी घ्या. ती उघड्या जमिनीवर, ढेकळांत अंडी घालते. ती मातकट, वर काळे ठिपके. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. झाकलेल्या अंड्याला रंगाची गरज सहसा नसते, उघड्यावरच्या अंड्याला असते. पक्ष्यांच्या अंड्यांना रंग येण्यामागचे हे एक मोठे कारण. कोंबडीचे पूर्वज रानात जमिनीवरच, झुडपाखाली अंडी घालायचे. त्यांच्या अंड्यांचा रंग फिकट, सायीसारखा. गर्द तपकिरी आणि पांढरेशुभ्र ही दोन्ही टोके पुढे माणसाच्या हाताखाली, निवडीतून आली.

हा रंग चढतो कसा? कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. बलक सुटतो, त्यावर पांढरा भाग चढतो, मग पातळ पापुद्रे, आणि उरलेले जवळजवळ वीस तास अंडे कवचाच्या पिशवीत राहते. तिथे त्यावर चुन्याचे थर बसतात. कोणत्याही कोंबडीचे कवच मुळात पांढरेच असते, कारण ते चुन्याचे असते. तपकिरी अंडे घालणाऱ्या कोंबडीत शेवटच्या काही तासांत त्या पांढऱ्या कवचावर एक रंगद्रव्य उतरते. त्याचे नाव प्रोटोपॉर्फिरिन. या द्रव्यात लोह मिसळले की रक्ताला लाल करणारा हीम तयार होतो. म्हणजे अंड्याचा तपकिरी रंग आणि रक्ताचा लाल रंग एकाच घराण्यातले. निळसर-हिरवी अंडी घालणाऱ्या कोंबड्याही जगात आहेत. चिलीची अरौकाना ही त्यातली प्रसिद्ध जात. तो निळा रंग पित्तातल्या हिरव्या द्रव्याचा. एका प्राचीन विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकांत शिरून बसल्यामुळे तो कवचात उतरू लागला, असे 2013 साली संशोधनातून पुढे आले.

आता घरी करून पाहता येईल अशी एक गोष्ट सांगतो. तपकिरी अंडे फोडा, आतला पापुद्रा सोलून काढा आणि टरफल उजेडात धरा. बाहेरून तपकिरी, आतून जवळजवळ पांढरे. रंग बाहेरच्या थरातच जास्त असतो. हे सांगण्याचे कारण असे, की आतून पांढरे निघाले म्हणून ‘रंगवलेले अंडे दिले’ असा आरोप काही वेळा विकणाऱ्या बाईवर होतो. तो आरोप चुकीचा आहे. आतून पांढरे असणे हाच तपकिरी अंड्याचा धर्म आहे. निळ्या अंड्याचे मात्र तसे नाही, तिथे रंग कवचाच्या आरपार गेलेला असतो.

आता मुख्य प्रश्न. पांढरे अंडे घालणारी कोंबडी जास्त अंडी घालते, हे खरे की खोटे?

बाजारापुरते खरे, आणि कारण म्हणून खोटे. हे जरा उलगडून सांगावे लागेल. जगातल्या बहुतेक पांढऱ्या अंड्यांची आई एक: व्हाइट लेगहॉर्न. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून तिला हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेत गेली, तिथे पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. अंगाने हलकी, दीड किलोच्या आसपास. खाणे कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचे, ती खुडूक होत नाही. तिच्यात रवणीला बसण्याची ओढ जवळजवळ उरलेलीच नाही.

याच लेगहॉर्नच्या वंशावर आपल्या देशातला अंड्यांचा धंदा उभा राहिला, आणि त्याचे मोठे केंद्र होते पुणे. बी. व्ही. राव यांनी 1971 साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. बीव्ही-300 हे लेगहॉर्न वंशाचे पाखरू तिथून देशभर गेले. 1982 साली राव यांच्याच पुढाकाराने अंडी उत्पादकांची समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, स्थापन झाली आणि अंड्याचा भाव उत्पादक स्वतः जाहीर करू लागले. आज किराणा दुकानातल्या ट्रेमध्ये दिसणारे पांढरे अंडे या इतिहासातून आलेले आहे. असे पाखरू वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते.

आणि आपली गावठी? पन्नास, साठ, फार तर ऐंशी. एवढा फरक का? रंगामुळे? मुळीच नाही. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. एकवीस दिवस रवणीला बसते. मग दीड-दोन महिने पिले वागवते, घारीपासून सांभाळते, उकरून खायला शिकवते. त्यानंतर पुन्हा अंड्यावर येते. वर्षात तीन-चार वेळा हे चक्र फिरते. आता हिशेब करा. वर्षातले किती दिवस तिला अंडी घालायला मिळाले? जी कोंबडी वर्षातून तीनदा आई होते, तिला कमी अंड्यांची म्हणून नावे ठेवणे हा अन्याय आहे. लेगहॉर्नची पिले यंत्र उबवते आणि माणूस वाढवतो. ती अंडी जास्त घालते, कारण तिची बाकीची सगळी कामे आपण अंगावर घेतली आहेत.

तिकडे परदेशात तपकिरी अंड्यांच्याही संकरित जाती तयार झाल्या. ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक अशा अंगाने भरलेल्या जातींतून त्या काढल्या. या जातींच्या मुळाशी आशियातल्या जड कोंबड्यांचे रक्त आहे. आज लोमन ब्राउन, हाय-लाइन ब्राउन ही पाखरेसुद्धा वर्षाला तीनशेच्या पुढे अंडी घालतात. ब्रिटनमध्ये बहुतांशी तपकिरीच अंडी खातात. तेव्हा तपकिरी अंडे म्हणजे कमी अंडी, हा नियम कुठे राहिला? फरक उरतो तो शरीराचा. तपकिरीवाली थोडी जड, म्हणून थोडे जास्त खाते. रोज पाच ग्रॅम जास्त धरले, तरी लाखभर पाखरांमागे दिवसाला पाचशे किलो खाद्य झाले. पोल्ट्रीवाला पांढऱ्याकडे झुकतो तो या हिशेबाने. उलट तपकिरीवाल्या संकरात नर-मादी पिलू पहिल्याच दिवशी पिसांच्या रंगावरून वेगळे काढता येते. हा त्यांचा मोठा फायदा. जड शरीर, हलके शरीर, खुडूक होणे, न होणे, हे सगळे गुण जातीबरोबर आले आणि रंगही जातीबरोबर आला. एकाच गाडीतून उतरले म्हणून ते एकमेकांचे नातेवाईक ठरत नाहीत.

आपल्याकडे याचा चांगला दाखला आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पाळणुकीसाठी वनराजा आणि ग्रामप्रिया ही पाखरे काढली. दोन्हींची अंडी तपकिरी. वनराजा वर्षाला शंभरच्या आसपास घालते, ग्रामप्रिया दीडशेच्या पुढे जाते. रंग तोच, अंडी दीडपट. जुने गोवे इथल्या आपल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनेही परसातल्या सुधारित पाखरांवर काम केले आहे. मात्र ही पाखरे आणणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: ती फारशी रवणीला बसत नाहीत. पुढची पिले हवीत, तर घरात एखादी गावठी खुडूक लागतेच.

जाता जाता कानाच्या पाळीचे. पांढरी पाळी असेल तर पांढरे अंडे, लाल पाळी असेल तर तपकिरी, असे सांगतात. लेगहॉर्नला आणि ऱ्होड आयलंड रेडला ते लागू पडते. सगळ्यांना नाही. आपल्या गावठीत तर मुळीच भरवसा धरू नका, कारण स्वातंत्र्यानंतर देशभर सरकारी केंद्रांतून लेगहॉर्नचे आणि ऱ्होड आयलंड रेडचे कोंबडे गावोगाव दिले गेले आणि सगळे रक्त मिसळले. आणखी एक, कडकनाथाचे अंडे काळे असते असे कुणी सांगितले, तर पैसे देऊ नका. झाबुआच्या या कोंबडीचे मांस काळे, हाडे काळी, पण अंडे फिकट तपकिरी.

मग बाजारात काय पाहायचे? शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा. एखादी बाई फडक्यावर किंवा टोपलीत वीस-पंचवीस अंडी घेऊन बसलेली असते. ती अंडी नीट पाहा. एक सायीच्या रंगाचे, एक फिकट गुलाबी झाक असलेले, एक चहाच्या रंगाकडे झुकलेले, एखादे जवळजवळ पांढरे. एक बारीक लांबट, एक गोलसर. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक कोंबडीची छटा ठरलेली असते आणि सहसा तीच ती घालते. घरातली बाई अंडे हातात घेऊन सांगते, हे त्या कबऱ्या तलंगीचे, हे म्हातारीचे. पाच घरच्या पंधरा कोंबड्यांची अंडी एका रंगाची कशी होतील? शेजारी ट्रेमध्ये तीस अंडी असतील, सगळी एका मापाची, सगळी एकसारखी तपकिरी, तर ती एकाच संकरित जातीच्या, एकाच वयाच्या, पोल्ट्रीतल्या पाखरांची असण्याचा संभव फार मोठा. त्यात वाईट काही नाही. ते अंडेही चांगलेच आहे. पण त्याला गावठीचा भाव देऊ नका, कारण तो भाव त्या फडक्यावर बसलेल्या बाईच्या हक्काचा आहे. रंगावर भाव ठरवण्याचा खरा तोटा तिला होतो. तिच्या टोपलीतले पांढरट अंडे गिऱ्हाईक बाजूला काढते, आणि कारखान्यातून आलेले गर्द तपकिरी अंडे उचलते.

पोषणाचे थोडक्यात सांगतो. कवचाच्या रंगाने आतल्या प्रथिनात काही फरक पडत नाही. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन, पांढरे असो वा तपकिरी. बलकाचा केशरीपणा कोंबडी काय खाते त्यावर असतो: हिरवा पाला, मका, काजूच्या भाटात उकरून मिळालेले किडे आणि कोवळे गवत.

इथवर तुम्ही म्हणाल, रंगाला काहीच अर्थ नाही असे हा माणूस सांगतो आहे. तसे नाही. रंगाला अर्थ आहे, फक्त आपण चुकीच्या जागी पाहतो. कोंबडी अंडी घालते की नुसती दाणे खाते, हे ओळखायचे असेल तर तिचे पाय पाहा.

पिवळ्या पायांची कोंबडी घ्या. तिच्या कातडीत जे पिवळे द्रव्य असते, तेच बलकात जाते. अंड्यावर आली की ती खाद्यातले पिवळे बलकाकडे वळवते आणि अंगावरचा पिवळेपणा उतरू लागतो. उतरण्याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या आठवड्यात गुदद्वाराभोवतीची कातडी फिकी पडते. मग डोळ्याची कड. मग कानाची पाळी. मग चोच, तीही मुळापासून टोकाकडे. चोच पुरी फिकी व्हायला महिना-दीड महिना लागतो. शेवटी पाय, त्यांना चार-पाच महिने. म्हणून पायही पांढुरके झालेली कोंबडी म्हणजे महिनोन्‌महिने सतत अंडी दिलेली कोंबडी. आणि भर मोसमात हळदीसारखे पिवळेधमक पाय मिरवणारी? ती बसून खाते आहे. अंडी थांबली की पिवळा रंग त्याच क्रमाने परत येतो. आपण बाजारात नेमके उलटे करतो. पिवळे, टवटवीत पाय पाहून कोंबडी घेतो आणि पांढुरक्या पायांची विकून टाकतो. घरची सगळ्यात कष्टाळू कोंबडी आपण शाकुतीला देतो.

आणि हा पिवळा रंग आला कुठून, ठाऊक आहे? पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. त्याची कातडी पिवळी नसते. 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून दिसले, की पिवळ्या कातडीचे जनुक आले राखी रानकोंबड्याकडून. हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला, पहाटे सत्तरीच्या रानात आरवतो तो. म्हणजे इटलीच्या बंदरावरून जगभर गेलेल्या लेगहॉर्नच्या पिवळ्या पायांत आपल्या दक्षिणेतल्या रानाचा वाटा आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. डिचोली-सत्तरीची राने राखायची का, असे कुणी विचारले, तर अनेक उत्तरांत हेही एक उत्तर द्या.

ज्यांच्या कोंबड्यांचे पाय काळे किंवा पांढरे, त्यांनी हात लावून पाहावे. शेपटीखाली कटीची दोन टोकदार हाडे लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटे बसली, तर ती अंड्यावर आहे. एकच बोट जेमतेम बसले, तर नाही. तुरा लाल, भरलेला आणि ऊबदार असला, तर अंड्यावर. आक्रसलेला, फिका, कोरडा असला, तर नाही. सकाळी खुराड्याचे दार उघडण्याआधी कोंबडी चाचपून ‘आज ही घालणार’ असे सांगणाऱ्या आपल्या आजीचे बोट याच जागी जायचे.

आतापर्यंतचे एकदा मांडतो. अंड्याचा रंग जात सांगतो. तो अंड्यांची संख्या सांगत नाही, पोषण सांगत नाही, गावठीपण सांगत नाही. संख्या कोंबडीच्या अंगावर वाचता येते. आता एकच मुद्दा उरला, आणि तो तुमच्या आमच्या परसाला सगळ्यात जवळचा आहे: रंगातला बदल.

रोज ठरावीक तपकिरी छटेचे अंडे घालणारी कोंबडी एकाएकी फिकट, पांढुरकी अंडी घालू लागली तर? वय वाढले की अंडे मोठे होते आणि छटा थोडी उतरते, ते स्वाभाविक. पण चार दिवसांत रंग उडाला, तर कारण शोधा. भीती हे एक कारण. कुत्रा मागे लागला, मुंगूस खुराड्यात शिरले, की अंडे कवचाच्या पिशवीत जास्त वेळ अडकते, रंगावर पुन्हा चुन्याचा थर बसतो आणि अंडे पिठूळ दिसते. दुसरे कारण कडक ऊन. मे महिन्यात कोंबडी धापा टाकते, त्यात तिच्या कवचाचा कच्चा माल श्वासावाटे निघून जातो आणि टरफल पातळ होते. तिला सावली द्या, गार पाणी द्या.

आणि संध्याकाळी शिंपले द्या. कवच बहुतांशी रात्री घडते, जेव्हा कोंबडी काहीच खात नाही. एका कवचाला दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागते. ते पोटातून मिळाले नाही, तर ती आपल्या हाडांतून काढते. तेव्हा तिच्या पेषणीत रात्रभर हळूहळू विरघळणारे काही हवे. आपल्या हरमलात ते फुकट आहे. तिसऱ्यांची कालवणे झाल्यावर जी टरफले आपण उकिरड्यावर टाकतो, ती धुवा, तव्यावर भाजा, तांदळाच्या दाण्याएवढी कुटा आणि दिवेलागणीआधी एका करवंटीत ठेवा. पीठ करू नका, पीठ लवकर निघून जाते. ज्या कोंबडीला गरज आहे, ती आपणच येऊन खाईल.

तिसरे कारण रोग, आणि तेच सगळ्यात भयंकर. कवचाच्या पिशवीला रोगाची बाधा झाली की तपकिरी रंग उडतो, टरफल खरबरीत किंवा मऊ येते, अंडी घटतात. राणीखेत, ज्याला घाटावर मानमोडी म्हणतात, त्यात असे होते, आणि पुढे आठ दिवसांत वाडाच्या वाडा ओस पडू शकतो. म्हणून फिकट अंडे दिसले की त्या कोंबडीचे डोळे, श्वास, विष्ठा पाहा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

राणीखेतवर लस आहे, स्वस्त आहे, गुणकारी आहे. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात लासोटाचा थेंब, आठव्या-दहाव्या आठवड्यात आर-टू-बीचे टोचणे. मग तरी परसातल्या कोंबड्या दर वर्षी का मरतात? कारण लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि एका घरात पाखरे असतात दहा. दहा पाखरांसाठी कुपी कोण फोडणार? हा अडसर एकट्या घराला हटवता येत नाही. वाड्याला येतो. गिरकरवाड्यावरच्या, खालच्यावाड्यावरच्या दहा-दहा घरांनी महिन्यातला एक दिवस ठरवावा. पाखरे पहाटे डालीखालून सोडायचीच नाहीत. बर्फाच्या डब्यातून कुपी आणायची, एका घराच्या अंगणात ती फोडायची आणि तासाभरात सगळ्या घरांची पाखरे उरकायची. पंचायतीतले आणि महिला मंडळांतले अनेक जण आज इथे बसले आहेत. सभा संपल्यावर दहा मिनिटे थांबा आणि पावसाळ्याआधीचा एक दिवस आत्ताच नक्की करा. दवाखान्याशी बोलायला मी तुमच्याबरोबर येतो.